श्रेयांकाची पत

भारतीय उच्च शिक्षणात गेल्या काही वर्षांत जे बदल झाले, त्यांपैकी चार वर्षांची पदवी, मेजर-मायनर विषयांची रचना आणि शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा परतण्याची सोय यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु हे सर्व बदल ज्या एका मापावर उभे आहेत त्या श्रेयांकाची, म्हणजे विद्यार्थी रोजच्या बोलण्यात ज्याला क्रेडिट म्हणतात त्याची, चिकित्सा मात्र क्वचितच होते. विद्यार्थ्याने एखाद्या विषयासाठी किती अभ्यास केला हे सांगणारे हे एकक आता केवळ गुणपत्रिकेपुरते उरलेले नाही. ते एका विद्यापीठात मिळवता येते, शासनाच्या संगणकीय खात्यात साठवता येते, दुसऱ्या विद्यापीठात नेता येते आणि पुरेसे साठले की त्याच्या आधारे प्रमाणपत्र, पदविका किंवा पदवी घेता येते. ही व्यवस्था विद्यार्थ्याच्या हिताची ठरायची असेल, तर एका संस्थेने दिलेला श्रेयांक दुसऱ्या संस्थेला विश्वासाने स्वीकारता आला पाहिजे. आणि असा विश्वास अधिसूचनेने किंवा संगणकप्रणालीने निर्माण होत नाही, तो वर्गात शिकवणाऱ्या व उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांच्या कामातून निर्माण होतो. आजच्या धोरणात नेमकी हीच बाजू दुबळी राहिली आहे.

मापाचा पूर्वेतिहास

श्रेयांकाचे मूळ अमेरिकेत, तेही काहीशा अनपेक्षित ठिकाणी सापडते. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरचा निधी दिला, तेव्हा या निधीस पात्र असलेले महाविद्यालय कोणते, हे ठरवण्यासाठी काहीतरी समान कसोटी लागणार होती. त्यासाठी विद्यार्थ्यांना प्रवेश देताना माध्यमिक शाळेतील अभ्यास ठरावीक एककांत मोजण्याची अट महाविद्यालयांना घालण्यात आली आणि एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक, असा हिशेब रूढ झाला. कार्नेगी एकक या नावाने ओळखले गेलेले हे माप पुढे महाविद्यालयांतही निराळ्या रूपात पोहोचले. ते वेळ मोजते, विद्यार्थी प्रत्यक्षात काय शिकला हे मोजत नाही, ही त्याची मर्यादा पुढे हा निधी चालवणाऱ्या कार्नेगी प्रतिष्ठाननेच मान्य केली. तरीही प्रशासनाला सोयीचे असल्यामुळे ते टिकले आणि जगभर पसरले.

युरोपने हे माप वेगळ्या हेतूने स्वीकारले. इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेसाठी १९८९ मध्ये सुरू झालेली युरोपीय श्रेयांक हस्तांतर पद्धती १९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर बहुतेक युरोपीय देशांच्या पदवीरचनेचा पाया बनली. त्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकासाठी विद्यार्थ्याने २५ ते ३० तास काम करावे, अशी अपेक्षा असते. मात्र तेथील विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला जाण्यापूर्वी त्याचे मूळ विद्यापीठ, यजमान विद्यापीठ आणि तो स्वतः या तिघांमध्ये लेखी शिक्षणकरार होतो. कोणते विषय शिकायचे आणि परतल्यावर त्यांचे श्रेयांक कोणत्या विषयांच्या जागी धरायचे हे त्यात आधीच ठरलेले असल्यामुळे विद्यार्थ्याला नंतर कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

श्रेयांक साठवण्याची कल्पना दक्षिण कोरियाने याहून पुढे नेली. तेथे १९९७ मध्ये श्रेयांक पेढीचा कायदा झाला आणि १९९८ मध्ये तो अमलात आला. नोकरदार, गृहिणी आणि ज्यांचे औपचारिक शिक्षण अर्धवट राहिले अशा प्रौढांना निरनिराळ्या संस्थांत श्रेयांक मिळवून पदवीपर्यंत पोहोचता यावे, हा त्यामागील उद्देश होता. परंतु तेथे कोणताही अभ्यासक्रम पेढीत आपोआप दाखल होत नाही. एक सार्वजनिक संस्था प्रत्येक अभ्यासक्रमाची तपासणी करते आणि मान्यता मिळाल्यावरच त्याचे श्रेयांक जमा होऊ शकतात. युरोपने करारातून आणि कोरियाने पूर्वतपासणीतून श्रेयांकाला पत मिळवून दिली, ही गोष्ट भारतीय व्यवस्थेकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतीय रचना

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. अठरा ते तेवीस वर्षे वयोगटातील दर शंभर व्यक्तींमागे उच्च शिक्षणात असलेल्यांची संख्या दाखवणारे हे प्रमाण २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २८.४ होते आणि देशातील एकूण विद्यार्थिसंख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. म्हणजे जे आज महाविद्यालयात येत नाहीत किंवा आल्यावर टिकत नाहीत, त्यांना सामावून घेतल्याखेरीज हे उद्दिष्ट गाठणे शक्य नाही; आणि घरची अडचण, नोकरी, लग्न किंवा स्थलांतर यांमुळे शिक्षण सोडावे लागणाऱ्यांचे आधीचे वर्ष वाया जाऊ नये, यासाठीच श्रेयांक साठवण्याची योजना आखली गेली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे शैक्षणिक श्रेयांक पेढीचे, नियम अधिसूचित केले. विद्यार्थी डिजिलॉकरच्या साहाय्याने या पेढीत खाते उघडतो आणि त्याला बारा अंकी ओळख क्रमांक मिळतो, जो आता अपार या नावाने शालेय शिक्षणापासूनच दिला जात आहे. श्रेयांक खात्यात भरण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसून तो केवळ नोंदणीकृत संस्थेला आहे आणि जमा झालेले श्रेयांक सामान्यतः कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने पदवीची नवी चौकट जाहीर केली आणि एप्रिल २०२३ मध्ये शालेय, उच्च व व्यावसायिक शिक्षणाला एकाच मापात आणणारी राष्ट्रीय श्रेयांक चौकट आली, जिच्यात वर्षाला १,२०० तासांचा अभ्यास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकासाठी ३० तास, असे प्रमाण धरले आहे. या ३० तासांत वर्गातील तासिकांबरोबर स्वाध्याय, प्रकल्प आणि परीक्षेची तयारीही मोजली जाते.

या हिशेबानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला मात्र चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम अधिक पूर्ण करावा लागतो आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयाद्वारे ही रचना राज्यासाठी स्वीकारली आणि वर्षाला ४० ते ४४ श्रेयांकांची मुभा ठेवली, ज्यामुळे तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीचे १६० ते १७६ श्रेयांक होतात. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती लागू झाली.

संलग्न महाविद्यालयाचा प्रश्न

श्रेयांकाची कल्पना ज्या प्रकारच्या विद्यापीठात रुजली, तेथे शिकवणारा, अभ्यासक्रम ठरवणारा आणि गुण देणारा शिक्षक एकच असतो. भारतातील मोठ्या राज्य विद्यापीठांची घडण मुळातच वेगळी आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८५७ मध्ये स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली, ज्यात शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम विद्यापीठाकडे होते. ही संलग्नता पद्धती आजही महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचा कणा आहे. अभ्यासमंडळ अभ्यासक्रम आखते, विद्या परिषद त्याला मान्यता देते आणि शेकडो महाविद्यालयांतील हजारो विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. ज्या शिक्षकाने विद्यार्थ्याला वर्षभर पाहिले, त्याचा अंतिम मूल्यमापनातील वाटा मर्यादित राहतो.

कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याची शिफारस केली होती आणि २०२० च्या धोरणाने संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे म्हटले आहे. परंतु ती संपण्यापूर्वीच निवडीची रचना आली आहे. मेजर विषयाबरोबर मायनर, खुले ऐच्छिक, कौशल्याधारित, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रप्रकल्प अशा गटांतून, ज्यांना प्राध्यापक व विद्यार्थी बास्केट म्हणतात, विषय निवडण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे. पुणे किंवा मुंबईतील वीस-पंचवीस विभाग असलेल्या स्वायत्त महाविद्यालयात या मुभेला अर्थ आहे. तालुक्याच्या गावी, जेथे कला शाखेत चार-पाच विषय आणि प्रत्येक विषयाला एखादाच पूर्णवेळ प्राध्यापक आहे, तेथे विद्यार्थ्याची निवड त्याच्या आवडीने न होता उपलब्ध प्राध्यापकाच्या कार्यभाराने ठरते. कार्यप्रशिक्षणाचेही असेच आहे; औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्याला कारखाना, बँक किंवा माध्यमसंस्था जवळ असते, पण गडचिरोलीतील गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात प्रशिक्षणाच्या जागा मुख्यतः शासकीय कार्यालये, वनविभाग आणि सहकारी संस्था यांतूनच शोधाव्या लागतात. त्या मिळाल्या नाहीत, तर श्रेयांक कागदोपत्री भरले जाण्याचा धोका निर्माण होतो.

या अडचणीच्या मुळाशी शिक्षकभरतीचा प्रश्न आहे. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत हजारो पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि त्यांची जागा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी भरून काढली. प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर मानधन मिळवणाऱ्या या शिक्षकांना सुट्टीतील वेतन नसते, पुढच्या वर्षीच्या कामाची शाश्वती नसते आणि अनेकदा पोटासाठी दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करावी लागते. कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण शिक्षकांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतच म्हटले आहे. ३० तासांच्या श्रेयांकातील स्वाध्यायाचे तास तेव्हाच खरे ठरतात, जेव्हा कोणीतरी तो स्वाध्याय वाचतो, त्यावर शेरे लिहितो आणि विद्यार्थ्याशी बोलतो. ज्याला केवळ उभे राहून शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, त्याच्याकडून या न मोजलेल्या कामाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीत आल्यापासून हा मुद्दा अधिकच निकडीचा झाला आहे, कारण घरी लिहून आणलेला निबंध कोणी लिहिला हे आता कागदावरून कळत नाही. विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा आणि त्याला समोर बसवून दोन प्रश्न विचारण्यास सवड असलेला शिक्षकच अंतर्गत गुणांना अर्थ देऊ शकतो.

बाहेर पडण्याची आणि परतण्याची वाट

शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला प्रमाणपत्र देणे ही मानवतेची गोष्ट आहे, यात शंका नाही. पूर्वी दुसऱ्या वर्षानंतर महाविद्यालय सोडणारी मुलगी बारावी उत्तीर्णच राहत असे, तिला आता दोन वर्षांच्या अभ्यासाची अधिकृत ओळख मिळते. तथापि या ओळखीला बाहेरच्या जगात स्थान मिळण्यासाठी इतर नियमही बदलावे लागतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते, इतर अनेक पदांना बारावी पुरते, आणि या दोहोंमधील एक वर्षाच्या सामान्य प्रमाणपत्राला सेवाप्रवेश नियमांत स्वतंत्र जागा क्वचितच आहे. खासगी मालकालाही बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रमाणपत्रातून उमेदवाराला नेमके काय येते, हे उमगत नाही.

परतीच्या वाटेवरची अडचण अधिक गंभीर आहे. धोरण विद्यार्थ्याला तीन वर्षांपर्यंत बाहेर राहण्याची मुभा देते, परंतु राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांत अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा त्याहून अधिक वर्षांचा खंड चालत नाही. ज्या गरीब विद्यार्थ्यासाठी ही सोय मुख्यतः आखली गेली, त्याला परतल्यावर शुल्काची सवलत मिळणार नसेल, तर त्याच्या खात्यातील श्रेयांक शाबूत असूनही त्याला महाविद्यालयाचा दरवाजा बंदच राहतो. शिवाय दरम्यान अभ्यासक्रम बदलला, तर जुने श्रेयांक नव्या रचनेत कोठे बसवायचे, हे अभ्यासमंडळाने ठरवून ठेवलेले असले पाहिजे. वसतिगृह, शिष्यवृत्ती, प्रवासाची सवलत आणि श्रेयांकांचे नियम वेगवेगळ्या विभागांनी वेगवेगळ्या वेळी केलेले असल्यामुळे त्यांचा मेळ घालण्याचा भार आज विद्यार्थ्यावर पडतो.

तंत्रज्ञानाची शक्ती आणि तिची पूर्वतयारी

तंत्रज्ञानाने या क्षेत्रात खरे उपकार केले आहेत, हे मान्य करायला हवे. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयम या शासकीय व्यासपीठामुळे नामांकित संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने कोणत्याही गावात पोहोचू शकतात, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक विद्यार्थ्याला तेथून मिळवता येतात. लहान महाविद्यालयाला जो विषय शिकवणे परवडत नाही, तो या मार्गाने उपलब्ध होऊ शकतो. परंतु तेथील बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ते स्वबळावर पेलत नाहीत. महाराष्ट्राकडे यावरचा अनुभव घरचाच आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, ज्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते, एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रांचे जाळे उभे केले. दूर बसलेल्या विद्यार्थ्याला व्याख्यानाइतकीच जवळच्या मार्गदर्शकाची गरज असते, हा त्या प्रयोगाचा धडा ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही तंतोतंत लागू पडतो.

पूर्वतयारीविना आणलेले तंत्रज्ञान किती नुकसान करू शकते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच घडले आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षेच्या सर्व शाखांतील लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि यंत्रणेची चाचणी पुरेशी झालेली नव्हती, त्यामुळे निकाल कायद्यातील ४५ दिवसांची कमाल मुदत ओलांडून महिनोन्‌महिने लांबले, पुढील प्रवेशांवर त्याचा परिणाम झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पडद्यावरची तपासणी ही कल्पना वाईट नव्हती, ती इतरत्र व्यवस्थित चालते. पण ज्यांनी ती चालवायची, त्यांना वेळ आणि सराव मिळाला नव्हता.

श्रेयांक पेढीतील अडचणी इतक्या ठळकपणे दिसत नाहीत, पण त्या दररोजच्या आहेत. खाते आधार क्रमांकाशी जोडायचे असल्यामुळे दोन्हीकडील नाव जुळावे लागते. महाराष्ट्रात बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव आणि आईचे नाव स्वतंत्र छापण्याची पद्धत आहे, तर आधारवर नावाचा क्रम बहुधा उलटा असतो, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींच्या बाबतीत ही विसंगती आणखी वाढते. श्रेयांक भरण्याचा अधिकार संस्थेलाच असल्यामुळे महाविद्यालयाच्या किंवा परीक्षा विभागाच्या दिरंगाईचा फटका विद्यार्थ्याला बसतो, आणि त्याच्या तक्रारीवर ठरावीक मुदतीत उत्तर देण्याची जबाबदारी स्पष्टपणे कोणावर तरी असणे आवश्यक आहे. शालेय वयापासूनची शैक्षणिक नोंद एका क्रमांकाखाली जमा होत असताना ती कोण, कशासाठी आणि किती काळ पाहू शकतो, हा प्रश्नही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर केवळ तांत्रिक उरलेला नाही.

नियामकाचे काम कोणते

शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आला, तर उच्च शिक्षणातील दर्जाचे निर्धारण व समन्वय केंद्राच्या सूचीत आहे. परिणामी दर्जाचे नियम दिल्लीत होतात आणि राज्य विद्यापीठांतील शिक्षकांच्या वेतनाचा मुख्य भार राज्यांवर पडतो. २०२० च्या धोरणाने नियमन, मूल्यांकन, अनुदान आणि शैक्षणिक मानके ही चार कामे वेगळी करणारा एकच आयोग सुचवला होता. डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेलेले आणि संयुक्त समितीकडे सोपवलेले विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक त्याच दिशेचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद आणि शिक्षक शिक्षण परिषद यांच्या जागी एकच छत्र उभारण्याचा त्याचा हेतू आहे. अनेक परवानग्यांचा जाच कमी होणार असेल, तर त्याचे स्वागतच व्हावे. परंतु दर्जा ठरवणारी संस्था आणि पैसा देणारी यंत्रणा यांचा संबंध तुटला, तर शिक्षकांच्या जागा भरल्याविना दर्जाच्या अपेक्षा वाढत राहण्याची जुनी सवय अधिकच बळावेल.

म्हणून पुढील पावले आधी उचलायला हवीत. राज्यातील विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी एकत्र बसून कोणत्या विषयाचे श्रेयांक कोठे समकक्ष धरले जातील, याच्या याद्या प्रवेशापूर्वी प्रसिद्ध कराव्यात, जेणेकरून युरोपातील शिक्षणकराराप्रमाणे विद्यार्थ्याला आधीच हमी मिळेल. शिष्यवृत्ती व सेवाप्रवेशाचे नियम बाहेर पडण्याच्या आणि परतण्याच्या मुदतींशी जुळवून घ्यावेत. जवळजवळच्या लहान महाविद्यालयांनी मायनर विषय वाटून घेऊन एकमेकांच्या विद्यार्थ्यांना शिकवावे आणि त्यासाठी प्रवासखर्चाची तरतूद व्हावी. या सर्वांच्या आधी मंजूर पदांवर पूर्णवेळ शिक्षक नेमले जावेत, कारण वरील प्रत्येक निर्णय अमलात आणणारी व्यक्ती तीच आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याचे वचन १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी दिले. श्रेयांक पेढीत देशभरातील विद्यार्थ्यांची खाती उघडण्याइतक्याच तत्परतेने हे वचन पाळले गेले, तर तालुक्याच्या महाविद्यालयात मिळवलेल्या श्रेयांकाला महानगरातील श्रेयांकाइतकीच पत लाभेल, आणि धोरणाची परीक्षा याच कसोटीवर व्हायला हवी.